लहान फायरवॉल-पेटी : उष्णता आणि तिचा निचरा

गेल्या काही वर्षांत ग्रामपंचायत, शाळा, आरोग्य उपकेंद्र, सहकारी संस्था आणि लहान कारखाने यांच्या कचेऱ्यांत एका नव्या उपकरणाची भर पडली आहे. वहीएवढ्या आकाराची, बहुधा काळ्या रंगाची, दोन-चार दिवे लुकलुकणारी ही धातूची पेटी भिंतीवरील कपाटात किंवा टेबलाखाली ठेवलेली असते. तिला फायरवॉल असे म्हणतात. बाहेरच्या इंटरनेटवरून कचेरीच्या संगणकांकडे येणारा आणि संगणकांकडून बाहेर जाणारा प्रत्येक संदेश या पेटीतून जातो. ठरवून दिलेल्या नियमांप्रमाणे तपासून ती त्यास वाट देते किंवा अडविते. जुन्या वाड्याच्या देवडीवर जो पहारेकरी बसत असे, त्याचेच हे काम होय.

देवडीवरील पहारेकऱ्यास घेरी आली, तर वाड्याचा व्यवहार अडतो. फायरवॉल बंद पडली, तर कचेरीतील एकही संगणक बाहेरच्या जगाशी बोलू शकत नाही. दाखला, नोंद, अर्ज, वेतनपट अशी ऑनलाइन होणारी सर्व कामे खोळंबतात आणि दूरच्या पाड्यावरून आलेल्या माणसास ‘सर्व्हर चालत नाही, उद्या या’ असे उत्तर ऐकावे लागते. पुष्कळदा सर्व्हरचा त्यात काहीही दोष नसतो. कपाटात कोंडलेली पेटी उष्णतेने गुदमरलेली असते, एवढेच. प्रस्तुत लेखात ही उष्णता कोठून येते, ती कशी बाहेर जाते आणि तिच्या निचऱ्यासाठी कचेरीने व शाळेने काय करावे, याचा विचार केला आहे.

प्रश्नाचे स्थानिक स्वरूप

ऑप्टिकल फायबरने सर्व ग्रामपंचायती जोडण्याच्या योजनेस केंद्र सरकारने २५ ऑक्टोबर २०११ रोजी मान्यता दिली. २०१५ मध्ये या योजनेचे नाव भारतनेट असे झाले. २६ जानेवारी २०२० रोजी दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव हे दोन केंद्रशासित प्रदेश एकत्र झाले आणि सिल्वासा, दमण व दीव येथील कचेऱ्या एकाच प्रशासनाखाली आल्या. अशा पसरलेल्या प्रशासनात संगणक-जाळे ही चैनीची बाब राहात नाही.

तथापि ही उपकरणे ज्या हवामानात ठेवली जातात, त्याचा विचार फारसा होत नाही. नगर हवेलीत वर्षाकाठी सुमारे २०० ते २५० सेंटिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा ३५ अंश सेल्सिअसच्या वर असतो आणि समुद्र जवळ असल्याने हवेत दमटपणाही असतो. पावसाळा सरल्यावर आश्विनातील ऊन पुन्हा चटका देते. कचेऱ्यांवर बहुधा सिमेंटचा स्लॅब किंवा पत्रा असतो. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि सायंकाळनंतर तीच उष्णता खोलीत सोडू लागतो. कारवीच्या कुडाच्या व कौलारू किंवा गवती छपराच्या घरांत हवा फटींतून सतत खेळत असे. नव्या पक्क्या खोलीत खिडक्या लावून घेतल्या की हवेस वाट उरत नाही.

येथे एक पेच निर्माण होतो. पावसाची ओल, धूळ, पाल, मुंग्या व उंदीर यांपासून उपकरण वाचविण्यासाठी ते बंद कपाटात ठेवावे, असे वाटते. बंद कपाटात ठेवले की उष्णता कोंडते. या दोन गरजांचा मेळ कसा घालावयाचा, हाच या भागातील खरा प्रश्न आहे.

उष्णता कोठून येते

विजेवर चालणारी मोटार पाणी उपसते, म्हणजे तिला मिळालेल्या विजेचा काही भाग कामात खर्च होतो. संगणकीय पेटीचे तसे नाही. ती काहीही उचलीत नाही अथवा फिरवीत नाही. तिने घेतलेली जवळजवळ सर्व वीज अखेरीस उष्णतेतच रूपांतरित होते. १५ वॅट वीज घेणारी पेटी ही १५ वॅटची, रात्रंदिवस न विझणारी शेगडीच होय. वर्षाचे ८,७६० तास ती चालू राहिली, तर सुमारे १३१ युनिट वीज खर्च होते आणि तेवढीच उष्णता खोलीत पडते.

ही उष्णता मुख्यतः प्रोसेसर नावाच्या नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यात निर्माण होते. १५ वॅट ही उष्णता मोठी नव्हे, परंतु ती फार लहान जागेतून बाहेर पडते म्हणून तिची धग मोठी असते. पेटीवर कामाचा बोजा जसा वाढतो, तशी ही उष्णताही वाढते. सर्वांचे संगणक एकाच वेळी चालू असणे, संदेश सांकेतिक रूपात बदलून दूरच्या कचेरीकडे पाठविणे, प्रत्येक संदेशाची आतून झडती घेणे, ही कामे प्रोसेसरला अधिक राबवितात. नेमके हेच काम दुपारच्या वेळी, म्हणजे खोली सर्वांत तापलेली असताना, सर्वाधिक असते.

उष्णतेचा प्रवास

भातखाचरात साचलेले पाणी काढावयाचे असेल, तर बांधास मोरी ठेवावी लागते. मोरीच्या पुढचा पाट गाळाने बुजला असेल, तर मोरी कितीही मोठी असून उपयोग नाही. उष्णतेचेही असेच आहे. तिला प्रोसेसरपासून खोलीबाहेरच्या हवेपर्यंत पाच टप्प्यांचा प्रवास करावा लागतो आणि त्यांतील एक टप्पा जरी अडला, तरी मागे सर्वत्र तुंब लागतो.

पहिला टप्पा प्रोसेसरच्या तुकड्यातून त्याच्या पृष्ठभागापर्यंतचा. दुसरा टप्पा पृष्ठभाग आणि पेटीचा धातू यांमधील सांध्याचा. तिसरा धातूच्या अंगातून पसरण्याचा. चौथा धातूपासून भोवतालच्या हवेपर्यंतचा. पाचवा त्या तापलेल्या हवेने कपाटातून व खोलीतून बाहेर पडण्याचा.

निरनिराळे पदार्थ उष्णतेस किती सहज वाट देतात, याचे आकडे बोलके आहेत. वॅट प्रति मीटर-केल्व्हिन या परिमाणात तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४००, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंची सुमारे २००, साध्या पोलादाची सुमारे ५० असते. स्थिर हवेची मात्र केवळ ०.०२६ असते. म्हणजे स्थिर हवा तांब्याच्या तुलनेत सुमारे पंधरा हजार पटींनी अडसर करते. दोन धातू एकमेकांवर टेकविले, तरी त्यांच्या खडबडीत पृष्ठभागांमध्ये हवेचे सूक्ष्म थर उरतात. हे थर भरून काढण्यासाठी मध्ये थर्मल पेस्ट नावाचा लेप देतात.

अलीकडच्या पुष्कळ लहान पेट्यांत पंखा नसतो. त्यांचे ॲल्युमिनियमचे जाड अंगच उष्णता बाहेर टाकते. मोटारसायकलच्या इंजिनावर जशा धातूच्या पट्ट्या असतात, तशाच पट्ट्या या पेटीच्या पाठीवर असतात. हवेस स्पर्श होणारे क्षेत्रफळ वाढविणे, हा त्यांचा हेतू. म्हणून अशी पेटी हातास गरम लागली, तर घाबरण्याचे कारण नाही. आतील उष्णता बाहेर येत आहे, याचीच ती खूण असते. उलट आतला तापमापक ९० अंश दाखवीत असून पेटीचे अंग जेमतेम कोमट असेल, तर मधला सांधा बिघडला आहे, असे समजावे.

एक हिशेब

तापमान किती वाढेल, हे काढण्याचा हिशेब सोपा आहे. प्रत्येक वॅटमागे एखादा टप्पा किती अंशांची वाढ करतो, हे ठाऊक असले की त्यास वॅटच्या संख्येने गुणावे. समजा, एका पंखाविरहित पेटीत प्रोसेसरपासून धातूच्या अंगापर्यंत दर वॅटमागे १.५ अंश आणि अंगापासून हवेपर्यंत दर वॅटमागे २ अंश वाढ होते. एकूण ३.५ अंश. प्रोसेसर १० वॅट उष्णता टाकीत असेल, तर तो भोवतालच्या हवेपेक्षा ३५ अंशांनी अधिक तापेल. हवा ३० अंशांवर असेल तर प्रोसेसर ६५ अंशांवर, हवा ३८ अंशांवर असेल तर ७३ अंशांवर जाईल.

अशा पेट्यांत अलीकडे आढळणाऱ्या इंटेल कंपनीच्या एन-१०० या प्रोसेसरची प्रमाणित उष्णता ६ वॅट असून त्याची कमाल मर्यादा १०५ अंश सेल्सिअस आहे. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्यावयास हव्यात. एक म्हणजे ६ वॅट हा आकडा सर्वकाळचा नव्हे. पेटीच्या निर्मात्याने मोकळीक दिलेली असेल, तर बोजा पडताच हाच प्रोसेसर काही काळ १० ते १५ वॅट किंवा त्याहूनही अधिक घेऊ शकतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. १०५ अंश ही प्रोसेसरची मर्यादा झाली, संपूर्ण पेटीची नव्हे. त्याच पेटीत माहिती साठविणारी एसएसडी असते आणि साधारण बाजारी एसएसडीची मर्यादा ७० अंशांची असते. लहान फायरवॉल-पेट्यांवर ‘० ते ४० अंश’ असा जो उल्लेख आढळतो, तो पेटीस स्पर्श करणाऱ्या हवेविषयी असतो. गावातील हवामानाचा आकडा पाहून त्याचा अर्थ लावू नये. पेटी कपाटात असेल, तर कपाटातील हवा मोजली पाहिजे.

बंद कपाटाचा हिशेब

कचेऱ्यांत भिंतीवर लावलेले जे लोखंडी कपाट असते, ते ६० सेंटिमीटर रुंद, ४५ सेंटिमीटर खोल व ३७ सेंटिमीटर उंच आहे, असे धरू. भिंतीस टेकलेली पाठ सोडून उरलेल्या पाच बाजूंचे क्षेत्रफळ सुमारे १.१ चौरस मीटर भरते. रंगविलेल्या लोखंडी पत्र्याचे बंद कपाट दर चौरस मीटरमागे, आतबाहेरच्या दर अंश फरकास, साधारण ५.५ वॅट उष्णता बाहेर टाकते. म्हणजे हे कपाट एका अंशामागे सुमारे ६ वॅट टाकू शकते.

आता आत काय आहे, ते पाहू. फायबरचे टोक-उपकरण १० वॅट, फायरवॉल १५ वॅट, कॅमेऱ्यांना वीज पुरविणारा स्विच ४० वॅट, कॅमेऱ्यांचे चित्रण साठविणारे यंत्र २५ वॅट आणि बॅटरी भरत असलेला यूपीएस ३० वॅट. बेरीज १२० वॅट. १२० भागिले ६ म्हणजे २० अंश. खोलीत ३८ अंश असतील, तर कपाटात ५८ अंश झाले.

मागील पेटीचा हिशेब येथे लावून पाहावा. प्रोसेसर ५८ अधिक ३५, म्हणजे ९३ अंशांवर जाईल. मर्यादा १०५ असल्याने तो तग धरील. परंतु पेटीचे अंग ५८ अधिक २०, म्हणजे ७८ अंशांवर असेल आणि त्याच्याशी लागून असलेली एसएसडी आपली ७० अंशांची मर्यादा ओलांडील. बोजा वाढून प्रोसेसर १५ वॅट घेऊ लागला, तर हिशेबाने तो ११० अंशांवर जावयास हवा. तेथवर तो जात नाही. मर्यादा येताच स्वतःची गती कमी करून तो जीव वाचवितो आणि कचेरीचे इंटरनेट मंदावते. हीच पेटी ३८ अंशांच्या त्याच खोलीत उघड्यावर असती, तर १५ वॅटच्या बोजाखालीही प्रोसेसर ९१ अंशांच्या आसपास राहिला असता. यंत्र तेच, खोली तीच. फरक केवळ कपाटाच्या दाराचा.

उष्णतेचे दुष्परिणाम

पहिला परिणाम मंदगतीचा. दुसरा अचानक थांबण्याचा किंवा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होण्याचा. तिसरा परिणाम दिसत नाही, पण तोच सर्वांत खर्चिक आहे. पेटीच्या व तिच्या अॅडॉप्टरच्या आत कपॅसिटर नावाचे लहान नळकांड्यासारखे भाग असतात. त्यांतील द्रव उष्णतेने हळूहळू उडून जातो. अशा कपॅसिटरचे आयुष्य तापमानाच्या दर १० अंश वाढीमागे निम्मे होते, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. २० अंशांनी अधिक तापलेल्या कपाटात आठ वर्षांचे आयुष्य दोन वर्षांवर येते. यूपीएसमधील शिसे-आम्लाच्या बॅटरीसही जवळजवळ हाच नियम लागू पडतो. बॅटरी वर्षभरात बसली की दुकानदारास दोष दिला जातो, कपाटाकडे मात्र कोणी पाहात नाही.

उष्णतेमुळे होणारा बिघाड ओळखण्यात एक अडचण असते. दुपारी दोन-तीनच्या सुमारास पेटी अडखळते. तक्रार केल्यावर तंत्रज्ञ दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता येतो. तोवर रात्रीच्या गारव्याने पेटी निवलेली असते आणि सर्व काही सुरळीत आढळते. ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून तो परत जातो. म्हणून बिघाडाची नोंद करताना वेळ लिहिणे अत्यावश्यक आहे. बिघाड वारंवार दुपारी होत असेल, दार उघडे ठेवल्यावर कमी होत असेल आणि पावसाच्या गार दिवशी होत नसेल, तर उष्णतेचा संशय घ्यावा.

ओल आणि उष्णता

या भागात ओलीचाही विचार करावा लागतो. हवेतील बाष्प थंड पृष्ठभागावर जमते, हे पावसाळ्यात पाण्याच्या लोट्यावर जमणाऱ्या थेंबांवरून सर्वांना ठाऊक आहे. सतत चालू असलेली पेटी भोवतालच्या हवेपेक्षा गरम असते म्हणून तिच्यावर दव धरत नाही. थोडी ऊब ही ओलीपासून तिचे रक्षण करते. म्हणून पेटी बर्फासारखी गार ठेवण्याचा हट्ट धरू नये.

धोका निराळ्या प्रसंगी असतो. शाळेस दीर्घ सुट्टी लागली आणि पेटी पावसाळी हवेत कित्येक दिवस बंद राहिली, तर आत ओल धरते व सांधे गंजतात. वातानुकूलित खोलीत निवलेली पेटी उचलून दमट व्हरांड्यात आणली, तर तिच्यावर लगेच दव जमते. अशी पेटी तासभर तशीच ठेवून कोरडी झाल्यावर मगच वीज द्यावी. वातानुकूलन यंत्राच्या नेमके खाली कपाट लावू नये. त्याची नळी तुंबली की पाणी थेट उपकरणांवर ठिबकते.

वातानुकूलनाविषयी आणखी एक गैरसमज आहे. कचेरी सुटताना यंत्र बंद होते, खिडक्या लावल्या जातात, परंतु फायरवॉल रात्रभर व सुट्टीच्या दिवशीही चालूच असते. बंद खोलीत वरून तापलेला स्लॅब आणि आत कोंडलेली हवा, अशा स्थितीत पेटीचे सर्वाधिक तापमान रविवारी दुपारी किंवा संध्याकाळी असू शकते आणि त्या वेळी पाहणारे कोणी नसते. अशा खोलीस भिंतीच्या वरच्या व खालच्या बाजूस जाळीची एकेक झडप ठेवणे, हा वातानुकूलनाहून स्वस्त आणि अधिक भरवशाचा उपाय होय.

जागा कशी निवडावी

पेटी बसविण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात.

(१) पश्चिमेकडील उन्हाने तापणारी भिंत टाळावी. शक्य असल्यास आतील भिंत किंवा उत्तरेकडील भिंत निवडावी.

(२) छताजवळ कपाट लावू नये. गरम हवा वर जाऊन तेथेच साचते. जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंची योग्य. पूर येणाऱ्या किंवा पाणी शिरणाऱ्या जागी तळाशी ठेवणेही टाळावे.

(३) पंखाविरहित पेटी शक्यतो भिंतीवर उभी बसवावी आणि तिच्या पट्ट्या खालून वर जातील अशा ठेवाव्यात. धुराड्यातून धूर चढतो, तशी हवा पट्ट्यांमधून चढते. चारही बाजूंस किमान वीतभर जागा मोकळी सोडावी.

(४) पेटीवर पेटी रचू नये. विशेषतः यूपीएस, इन्व्हर्टर किंवा कॅमेऱ्यांचे यंत्र यांच्या पाठीवर फायरवॉल ठेवू नये. त्यांची उष्णता तिच्या पोटात शिरते.

(५) यूपीएस कपाटाबाहेर, खाली ठेवावा. वरील उदाहरणात यूपीएस व कॅमेऱ्यांचे यंत्र बाहेर काढले, तर १२० वॅटचे ६५ वॅट होतात आणि तापमानवाढ २० अंशांवरून ११ अंशांवर येते. एक पैसाही खर्च न होता नऊ अंश वाचतात.

(६) अॅडॉप्टर तारांच्या गुंडाळ्याखाली, गोणपाटाखाली किंवा जुन्या रजिस्टरांमागे दडपू नये. तोही उष्णता टाकतो.

(७) पेटीवर प्लॅस्टिकचे आवरण, शोभेचा रुमाल अथवा देवाच्या तसबिरीचा हार घालू नये. श्रद्धेने घातलेला हारही हवेची वाट अडवितो.

सिल्वासा परिसरात कृत्रिम धागा व प्लॅस्टिक यांचे कारखाने पुष्कळ आहेत. धाग्याचा सूक्ष्म तंतू हवेत तरंगतो आणि पट्ट्यांमध्ये अडकून गोधडीसारखा थर धरतो. अशा ठिकाणी पंखाविरहित पेटी बरी, कारण पंखा असेल तर तो हा तंतू आत ओढतो. ती यंत्रशाळेत न ठेवता कार्यालयाच्या बाजूस ठेवावी आणि तंतू महिन्यातून एकदा झाडावा.

पंखा लावावयाचा असल्यास

बंद कपाटात पंखा लावून हवा आतल्या आत फिरविण्याने फारसा लाभ होत नाही. तापलेली हवा बाहेर गेली पाहिजे आणि तिच्या जागी बाहेरची हवा आत आली पाहिजे. त्यासाठी खालच्या बाजूस येण्याची आणि वरच्या बाजूस जाण्याची, अशा दोन वाटा हव्यात. पंखा वरच्या वाटेवर, हवा बाहेर फेकील असा लावावा. किती हवा लागेल, याचा ठोकळ हिशेब असा : एकूण वॅटना ३.१ ने गुणावे आणि जितक्या अंशांची वाढ चालेल, त्या संख्येने भागावे. उत्तर ताशी घनमीटरमध्ये येते. १२० वॅट व ५ अंश धरले, तर सुमारे ७५ घनमीटर. बारा सेंटिमीटर व्यासाचा एक चांगला लहान पंखा एवढी हवा सहज हलवू शकतो, मात्र त्याच्या वाटा मोकळ्या हव्यात.

पाल व मुंग्या येऊ नयेत म्हणून वाटांवर बारीक जाळी बसवावी. जाळी हवेस अडविते, म्हणून भोक मूळ गरजेच्या दुप्पट मोठे ठेवावे. जाळी दर पंधरवड्यास झटकावी. बुजलेली जाळी म्हणजे बंद दारच. खोलीतील छताचा पंखा चालू असेल, तर उघड्यावरील पंखाविरहित पेटीस त्याचाही चांगला उपयोग होतो, कारण हलती हवा धातूवरील गरम थर पुसून नेते. पंखा लावून झाल्यावर खालच्या वाटेशी उदबत्तीचा धूर कपाटाबाहेरून धरून पाहावा. धूर आत ओढला जात असेल तर व्यवस्था बरोबर, तेथेच घुटमळत असेल तर कोठेतरी अडथळा आहे.

मे महिन्याच्या ऐन दुपारी खोलीतच ३८ अंश असतील, तर पंख्यानेही कपाटातील हवा त्याखाली जाणार नाही. ४० अंशांच्या मर्यादेत मग केवळ दोनच अंश शिल्लक राहतात. अशा काळात कपाटाचे दार उघडे ठेवावे, अथवा दाराच्या जागी जाळीचे दार बसवून घ्यावे. खोलीस कुलूप असेल, तर कपाटाचे बंद दार सुरक्षिततेत फारशी भर घालीत नाही.

पेटीच्या आतील उपाय

बहुतेक पेट्यांत तापमापक अंगभूतच असतो. मोनोवॉल या २००३ मधील प्रणालीपासून २००४ मध्ये निघालेली पीएफसेन्स आणि पुढे २०१५ मध्ये आलेली ओपीएनसेन्स या, लहान पेट्यांवर चालणाऱ्या सुपरिचित फायरवॉल-प्रणाली होत. त्यांच्या मुख्य पानावर तापमान दाखविण्याची सोय आहे. तापमान दिसत नसेल, तर प्रोसेसर कोणत्या कंपनीचा आहे, त्याप्रमाणे तापमापकाची निवड सेटिंगमध्ये करावी लागते. हे काम तंत्रज्ञाने पेटी बसवितानाच करून द्यावे आणि तापमान कोठे वाचावयाचे, हे कचेरीतील एका माणसास दाखवून ठेवावे.

प्रोसेसर नेहमीच ८५ अंशांच्या वर राहात असेल, तर प्रथम जागा सुधारावी. त्यानेही भागले नाही, तर तंत्रज्ञाकडून प्रोसेसरची कमाल वीज-मर्यादा कमी करून घ्यावी. कचेरीची इंटरनेट जोडणी मध्यम वेगाची असेल, तर या कपातीचा फरक कामात जाणवतही नाही. गरज नसलेल्या तपासण्या व सेवा बंद ठेवल्यानेही उष्णता घटते, परंतु सुरक्षिततेच्या तपासण्या उष्णतेच्या कारणासाठी बंद करू नयेत. तसे करणे म्हणजे पहारेकऱ्यास झोपण्याची मुभा देणे होय.

थर्मल पेस्ट वाळली असेल, तर ती बदलावी लागते. हमीची मुदत चालू असताना पेटी उघडू नये. मुदतीनंतर जाणत्या माणसाकडूनच उघडून घ्यावी. जुना लेप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तांदळाच्या एक-दोन दाण्यांएवढाच नवा लेप द्यावा. लेप जाड झाला, तर तोच अडसर ठरतो, कारण त्याची उष्णतावाहकता धातूच्या मानाने फारच कमी असते.

शिक्षकांसाठी एक प्रयोग

आठवी ते दहावीच्या वर्गांत उष्णतेचे वहन व अभिसरण शिकविताना पुढील प्रयोग करता येईल. सारख्या आकाराची पुठ्ठ्याची दोन खोकी घ्यावीत. एक पूर्ण बंद ठेवावे. दुसऱ्याच्या तळाशी व माथ्याशी रुपयाच्या नाण्याएवढी सहा-सहा भोके पाडावीत आणि ते खोके दोन विटांवर ठेवावे. सारख्या दोन बाटल्यांत सारखेच गरम पाणी भरून घट्ट झाकण लावावे आणि प्रत्येक खोक्यात एकेक बाटली व तापमापक ठेवावा. दर पाच मिनिटांनी अर्धा तास खोक्यातील हवेचे तापमान नोंदवून विद्यार्थ्यांना आलेख काढावयास सांगावे. पुढे केवळ वरची भोके चिकटपट्टीने बंद करून प्रयोग पुन्हा करावा. येण्याची वाट असून जाण्याची वाट नसेल तर काय होते, हे विद्यार्थ्यांस स्वतःच उमगेल. त्यानंतर त्यांना शाळेतील संगणक-कक्षाचे कपाट दाखवून दोष शोधावयास सांगावे.

नोंदवही

प्रत्येक कचेरीने व शाळेने कपाटाच्या दारास एक साधा तक्ता लावावा. त्यात पाच रकाने असावेत : दिनांक, वेळ, खोलीचे तापमान, कपाटातील हवेचे तापमान व प्रोसेसरचे तापमान. कपाटातील हवेसाठी एक साधा तापमापक पुरे. आठवड्यातून एकदा, दुपारी तीनच्या सुमारास नोंद करावी. खोली व कपाट यांतील फरक पाच अंशांहून अधिक असेल, तर कपाटाची वाट अडली आहे, असे समजावे. कपाट व प्रोसेसर यांतील फरक महिन्यामागून महिना वाढत असेल, तर पेटीवर धूळ बसली आहे किंवा आतील लेप वाळत आहे. खोलीच तापत असेल, तर दोष इमारतीचा आहे. असे तीन आकडे हाती असले, म्हणजे दोष कोठे आहे हे तंत्रज्ञ येण्यापूर्वीच सांगता येते.

पावसाळ्यापूर्वी आपण छपराची कौले चाळतो आणि खाचराच्या मोऱ्या साफ करतो. त्याच सुमारास, म्हणजे मार्च महिन्यात एकदा आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात पुन्हा एकदा, या कपाटाची जाळी झटकावी, यूपीएस बाहेर काढावा आणि वाटा मोकळ्या आहेत की नाहीत, हे पाहावे. यास अर्धा तास पुरतो. ग्रामसेवक, मुख्याध्यापक व कार्यालयप्रमुखांनी हे काम नावानिशी एकेका कर्मचाऱ्याकडे सोपवावे, म्हणजे दूरच्या पाड्यावरून दाखल्यासाठी आलेल्या माणसास पेटी तापल्याच्या कारणाने रिकाम्या हाती परत जावे लागणार नाही.